आडनाव तेच, ठसा नवा : आमची वाटचाल

वडिलांनी प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजणारी उपकरणे, बनवण्याचा कारखाना सुरू केला, तेव्हा नावाचा फारसा खल झाला नाही. आडनाव घेतले, त्यापुढे 'गेज वर्क्स' जोडले आणि तेच नाव पाटीवर, बिलबुकावर आणि डायलवर गेले. ग्राहक वडिलांना व्यक्तिशः ओळखत होते आणि आम्ही एकच वस्तू बनवत होतो, त्यामुळे ते नाव पुरेसे होते. पुढे तापमापके आली, झडपा आल्या, कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरण अचूक मोजते का ते तपासण्याची, सेवा सुरू झाली. तरीही नवे ग्राहक केवळ नाव वाचून आमच्याकडे गेजचीच चौकशी करत आणि बाकीची मागणी दुसरीकडे नोंदवत.

मोठ्या कंपन्यांनाही ही अडचण आलेली आहे. 'कंप्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग' या नावाने १९११ मध्ये उभी राहिलेली कंपनी १९२४ मध्ये 'इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स' झाली, म्हणजे यंत्रांची यादी सोडून तिने कामाची व्याप्ती सांगितली. 'टोकियो त्सुशिन कोग्यो'ने १९५८ मध्ये 'सोनी' हे घडवलेले नाव घेतले. नवा शब्द लोकांच्या तोंडी बसवायला मोठा जाहिरातखर्च लागतो आणि छोट्या उद्योगाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही आडनाव कायम ठेवले आणि 'गेज वर्क्स'च्या जागी 'इन्स्ट्रुमेंट्स' आणले. या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करताना मात्र कामाच्या विस्ताराचा खरा हिशेब द्यावा लागला, कारण त्यासाठीच्या वस्तू-सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ४५ वर्गांपैकी मापनाची उपकरणे ९ व्या वर्गात येतात आणि कॅलिब्रेशनची सेवा ४२ व्या.

बोधचिन्हाचे काम अधिक कसोटी पाहणारे ठरले. जुन्या चिन्हात गेजचे संपूर्ण चित्र होते : गोल केस, मापाच्या रेघा, आकडे, लाल काटा आणि भोवती वर्तुळाकार लिहिलेले नाव. लेटरहेडवर ते उठून दिसे. पण ६३ मिलिमीटरच्या डायलवर चिन्हाच्या वाट्याला सेंटिमीटरभर जागाही येत नाही, आणि स्क्रीन प्रिंटिंगमध्ये त्या बारीक रेघांत शाई भरून काळा ठिपका उमटे. गेज जिथून जोडतात त्या पितळी सॉकेटवर ठसा मारताना तर आकडे पुसटच होत. लाल रंगाची अडचण याहून गंभीर होती. डायलवर लाल खूण कमाल दाबाची मर्यादा दाखवते, त्यामुळे ज्या वस्तूवर माणसाची सुरक्षितता अवलंबून आहे, तिच्यावर शोभेसाठी लाल वापरणे आम्हाला पटेना.

म्हणून चित्रकाराने गेजच्या आतल्या बूर्डाँ नळीकडे पाहिले. १८४९ मध्ये पेटंट झालेली ही वाकवलेली चपटी नळी दाब वाढला की किंचित सरळ होते आणि तिच्या त्या हालचालीवर काटा फिरतो. नव्या चिन्हात तिचाच अपुरा कंस आणि मधोमध उभा काटा, एवढेच राहिले. ते एका रंगात छापता येते, धातूवर स्वच्छ उमटते आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या इवल्याशा चौकोनातही ओळखू येते.

ते आखायला जेवढा खर्च आला, त्याहून कितीतरी अधिक खर्च साचे, ठसे, डायलचे स्क्रीन, खोकी आणि प्रमाणपत्रांचे नमुने बदलण्यात झाला. आम्ही सगळे एका दिवसात बदलले नाही. झिजलेला साचा नव्याने करायची वेळ आली की त्यावर नवे चिन्ह घेतले, आणि मधल्या काळात प्रत्येक बिलावर व कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावर नव्या नावाखाली जुने नाव 'पूर्वीचे' म्हणून छापले, कारण ग्राहकाच्या लेखापरीक्षकाला दोन्ही कागद एकाच कंपनीचे आहेत हे विनासायास कळले पाहिजे.

जुन्या नावाची नोंदणी आम्ही सोडलेली नाही. ती दर १० वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि नाव दीर्घकाळ वापरात नसेल तर रद्दही होऊ शकते. जुनी गेज आजही दुरुस्तीला येतात; त्यांच्यासाठी लागणाऱ्या बदली डायलवर आम्ही 'गेज वर्क्स' हेच नाव छापतो.