परतीची गाडी किती वाजता? : आमची वाटचाल

नाशिकला समुद्र नाही. त्यामुळे मी क्रूझच्या सहली विकायला लागलो तेव्हा मित्रांनी मनसोक्त चेष्टा केली. "रामकुंडातून सोडणार का रे बोट, गंगेवरून?" (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, हे बाहेरच्यांसाठी.) त्या चेष्टेकऱ्यांपैकी तिघे पुढे आमच्याच ग्रुपमधून जाऊन आले, ही गोष्ट वेगळी.

हा धंदा मी शिकलो तो समुद्रावर नाही, नाशिकरोड स्टेशनबाहेर. आमचे वडील, अण्णा, १९८२ पासून तिथं अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सी चालवायचे. यात्रेकरू उतरले की त्यांना 'नाशिक दर्शन' घडवायचे. गाडीत कुणी बसलं की अण्णांचा पहिला प्रश्न "कुठं जायचं?" हा नसे. "परतीची गाडी किती वाजता?" हा असे. उत्तर ऐकलं की ते मनात उलटं मोजत. उतरणाऱ्याला वाटतं नाशिक आलं, पण रामकुंड तिथून नऊ-दहा किलोमीटरवर, मध्ये द्वारकेचा चौक, पुढे पंचवटीत गाडी लावायला जागा नाही, काळारामाला रांग. हे सगळं वजा करून जे उरेल त्यात तपोवन बसतं की पांडवलेणी, ते अण्णा ठरवत. त्र्यंबक मागितलं तर बहुतेकदा सरळ नाही म्हणत. लोक भांडत, अण्णा हलत नसत. त्यांच्या गाडीतल्या माणसाची रेल्वे कधी चुकली नाही, असं ते अजून सांगतात. मी तपासायला गेलेलो नाही.

सुट्टीत मी पुढच्या सीटवर असायचो. तिथून दोन्ही प्रकारचे प्रवासी पाहिले. "आम्ही आमचं फिरतो, गाईड नको" म्हणणारे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून जात आणि खाली येऊन म्हणत, पांडव किती उंचावर राहायचे हो! ती बौद्ध लेणी आहेत, तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी दगडात कोरून घेतली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसे. उलट गाईड घेणारे सीतागुंफेच्या रांगेत आणि रुद्राक्षाच्या दुकानात तास घालवत, काळारामाला पाच मिनिटं उभे राहत, आणि त्याच दारात १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, हे त्या गाईडच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. भांडी बाजारातून, सराफ बाजारातून नुसते भटकणारे मात्र खूश असत. तेव्हा हे सगळं नुसतं डोक्यात साठत गेलं.

१९९९ मध्ये मी स्वतःचं काउंटर टाकलं. रेल्वेची तिकिटं, अष्टविनायक, चारधामच्या बसेस, २००८ पासून सिंगापूर-मलेशिया. ती वर्षं कुठल्याही ट्रॅव्हलवाल्यासारखीच गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं सुरू होतं २०१३ च्या डिसेंबरात. सव्वीस जण, सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत. बरेचसे नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून आणि एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. पहिली क्रूझ, त्यांचीही आणि माझीही. बंदरात उतरून काय करायचं याचा मी फार विचारच केला नव्हता. जहाजवाले शोर एक्स्कर्शन विकतात, म्हणजे बस, गाईड, ठरलेली ठिकाणं. त्यावर आम्हाला कमिशन मिळतं. म्हणून सगळ्यांना ती विकली. एवढं सोपं होतं ते.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, म्हणजे थेट जॉर्ज टाऊनच्या उंबऱ्यावर. आम्ही रांगेत उभे राहून बसमध्ये बसलो. बस सुरू झाली, वळली आणि थांबली. गाईड म्हणाला, फोर्ट कॉर्नवॉलिस. प्रेसमधल्या एका काकांनी खिडकीतून मागे पाहिलं. आमचं जहाज दिसत होतं. "अहो, एवढं तर मी पायी आलो असतो!" सगळी बस हसली, मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं गाव, गल्लीबोळ पायी हिंडण्यासाठीच असावेत असे, पलीकडेच लिटल इंडियात गरम डोसा, आणि आम्ही काचेआडून बघत निघालो होतो. रात्री जेवताना काकांनी माणशी किती डॉलर गेले ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी फुकेत. आता कुणीच बस घ्यायला तयार नव्हतं. मीही शरमेपोटी म्हटलं, फिरा आपापले. इथं मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीहून मोठी होती.

पातोंगला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही. समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं आणि टेंडर म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींनी आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. शेवटची टेंडर साडेचारला, असं केबिनमध्ये आलेल्या कागदावर छापलं होतं. साडेचार झाले तरी अकरा जण आले नव्हते. फोन लावले, तर रोमिंगचे पैसे पडतील म्हणून कुणी उचलेना. पाचला दहा कमी असताना सगळे रमतगमत आले, हातात शहाळी. "एवढी काय घाई? अजून चाळीस मिनिटं आहेत की!" त्यांच्या फोनमध्ये तीन पन्नास झाले होते. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज सिंगापूरच्या वेळेवरच चाललं होतं, माझं मनगटी घड्याळही. फोन मात्र किनाऱ्यावर पाय ठेवताच आपणहून तासभर मागे सरकले होते.

तरी टेंडर उभी होती. आमच्यासाठी नव्हे. जहाजाच्याच एका एक्स्कर्शनची बस पातोंगच्या डोंगररस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि तिच्यातली माणसं आल्याशिवाय बोट सुटणार नव्हती. आदल्या दिवशी ज्या बसला आम्ही पोटभर नावं ठेवली, तसल्याच बसच्या कृपेनं आम्ही जहाजावर चढलो. काका त्या रात्री काही वाचून दाखवायला उठले नाहीत.

तेव्हा नियम नीट समजून घेतला. जहाजाची एक्स्कर्शन घेतलेली असेल आणि ती उशिरा आली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी घेतं. स्वतः गेलेल्यासाठी थांबत नाही. मग विमान, हॉटेल, व्हिसा सगळं तुमच्या खिशातून, आणि मदतीला फक्त पोर्ट एजंट, म्हणजे बंदरावरचा जहाज कंपनीचा प्रतिनिधी, ज्याचा नंबर त्या रोजच्या कागदावर असतो आणि जो कागद बहुतेक लोक केबिनमध्येच विसरतात. जहाज सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास, कधी तासभर, ऑल अबोर्डची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असण्याची वेळ असते. गाठायची ती.

परत आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्टेशन गावात आहे की गावाबाहेर, ते आधी पाहिलं नाहीस तू." मी चरफडलो, पण त्या रात्री वही काढली.

तेव्हापासून आमच्याकडे 'बससह की बसविना' असा सरसकट सल्ला मिळत नाही. प्रत्येक बंदराचा वेगळा कागद असतो. जहाज धक्क्याला लागतं की टेंडर आहे, गाव किती लांब, परतीला दुसरा मार्ग आहे का, त्या वारी काय बंद असतं, आणि आपल्यातल्या कुणाचे गुडघे दुखतात. शेवटचा प्रश्न विनोद नाही. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर स्वतः उतरलं तर टेंडर जुन्या बंदरावर सोडते आणि वर गावात जायला केबल कार, गाढव किंवा पाचशेच्या वर पायऱ्या. तीन-चार जहाजं एकाच दिवशी आली की केबल कारची रांग बघवत नाही. जहाजाच्या सहलीवाल्यांना दुसऱ्या धक्क्यावर, अथिनिओसला नेतात, तिथं बस उभी असते. तिथं मी सांगतो, बस घ्या आणि वाद घालू नका. संध्याकाळी खाली उतरायला मात्र त्यांनाही बहुधा तीच केबल कार. पिरेअसला उलट. तिथून अथेन्सला मेट्रो जाते, दहा-एक किलोमीटर, हिंडणाऱ्याला बस कशाला?

रोमची गंमत तर नाशिकरोडसारखीच. माहितीपत्रकात 'रोम' छापलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेकियाला, रोमपासून ७०-८० किलोमीटरवर. लिव्होर्नो तसंच, फ्लॉरेन्स तिथून ९० किलोमीटरच्या आसपास. २०१६ मध्ये भूमध्य समुद्रात पहिला ग्रुप नेला तेव्हा काही जण चिविताव्हेकियाहून ट्रेननं गेले. बंदरातून शटल, मग स्टेशन, मग तासाभराची गाडी, व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रोला उतरायचं. स्वस्त पडतं, पण इटलीत रेल्वेचा संप कधी होईल याचा नेम नाही. आता आम्ही मधला रस्ता सुचवतो. जहाजवाले नुसती ये-जा करणारी बसही विकतात, गाईड नाही, ठरलेलं जेवण नाही. रोममध्ये सोडतात, ठरल्या वेळी उचलतात. भटकायचं तुमचं तुम्ही, आणि ती बस उशिरा आली तर काळजी जहाजाची. ही सोय आहे हे कित्येक एजंट सांगतच नाहीत.

पॉम्पेई मात्र गाईडशिवाय करू नका. नेपल्सहून लोकल ट्रेननं सहज जाता येतं, पण इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं अख्खं शहर आहे ते. सांगणारा नसेल तर दोन तास उन्हात दगड बघून परत याल, पांडवलेण्यांतून उतरणाऱ्यांसारखे. गाईड जहाजाचाच हवा असं नाही, दाराशीही मिळतो.

तिसरा पर्याय खासगी व्हॅनचा. सात-आठ जणांत भाडं वाटलं की जहाजाच्या बसपेक्षा कमी पडतं, आणि कुठं थांबायचं ते आपल्या हातात. चामड्याच्या दुकानात सक्तीचा अर्धा तास नाही, जेवायला दाल-भात मिळेल तिथं थांबता येतं. ज्या ग्रुपमध्ये कांदा-लसूण न खाणारी माणसं असतात त्यांना याची किंमत कळते. पण २०१८ मध्ये यात हात पोळला. एका बेटावर वाऱ्यामुळे जहाज थांबलंच नाही. ज्यांनी जहाजाची सहल घेतली होती त्यांचे पैसे आपोआप परत. आमच्या व्हॅनवाल्यानं आगाऊ रक्कम परत दिली नाही ती नाहीच. ग्राहकांना आम्ही आमच्या खिशातून भरून दिली. आता जहाज आलं नाही तर पैसे परत, हे लेखी दिल्याशिवाय आगाऊ देत नाही. बरेच जण लिहून देतात, फक्त विचारावं लागतं.

हे सगळं करून आमचं कमिशन घटलं, हे उघड आहे. हिशेब बायको बघते. तिनं विचारलं, "एक्स्कर्शन घेऊ नका असं आपणच सांगायचं, मग खायचं काय?" प्रश्न बरोबर होता. म्हणून बंदराच्या कागदाचे पैसे लावले, कुटुंबामागे बंदराला ३०० रुपये. पहिली दोन वर्षं लोकांनी नाकं मुरडली, गूगलवर फुकट मिळतं म्हणाले. मिळतंच. आता मात्र आमच्याकडून बुकिंग न केलेले लोकही नुसता कागद विकत घ्यायला येतात, त्याचं मला अजून नवल वाटतं.

२०२० बद्दल थोडक्यात. फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाच्या बंदरात डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज कोरोनामुळे अडकलं आणि आमचे फोन वाजायला लागले, मार्चमध्ये वाजायचे बंद झाले. आमची ट्रॅव्हलर गाडी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कामगारांच्या ने-आणीला लावली. त्यावर घर चाललं.

२०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ सुरू झाली आणि वेगळंच गिऱ्हाईक आलं. पासपोर्ट नसलेलं, कसारा उतरलं की बोट. लक्षद्वीपला परवान्याशिवाय उतरता येत नाही, तिथं जहाजाचीच व्यवस्था, पर्यायाचा प्रश्न नाही. गोव्यात सगळे म्हणतात, गोव्यात कसला गाईड? खरंय, पण जहाज मुरगावला लागतं, वास्कोच्या टोकाला, आणि यांच्या डोळ्यांसमोर कळंगुट असतं. पुन्हा नाशिकरोडच. जुनं गोवं आणि पणजी करा, कळंगुट विसरा, असं कागदावर ठळक लिहिलंय.

आणखी एक. बाकीचे ट्रॅव्हलवाले बॅग आणि टोपी देतात. फुकेतपासून आम्ही प्रत्येकाला साधं काट्याचं मनगटी घड्याळ देतो, जहाजावर चढल्यावर तिथल्या वेळेला लावून. फोनकडे बघायचं नाही, याच्याकडे बघायचं. "बॅग नाही का?" हे दर वेळी कुणीतरी विचारतंच.

सध्या टेबलावर कोचीचा कागद आहे. चौदा जण, जहाज शुक्रवारी लागतंय. म्हणजे मट्टनचेरी पॅलेस बंद. शनिवार असता तर १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद असतं. जहाज विलिंग्डन बेटाला लागतं, तिथून फोर्ट कोचीला फेरीबोटीनं जाऊन मासेमारीची चिनी जाळी बघत पायी हिंडता येतं. आठ जण तसे जाणार, चौघं बसनं. एका जोडप्याचं अजून ठरत नाही. नवऱ्याला बस हवी, बायकोला फेरी. काल दोघं ऑफिसात तासभर भांडून गेले. मी म्हटलं, वेगवेगळे जा की. घड्याळं दोन आहेतच.