आमची वाटचाल : यंत्रमागाच्या शेडमध्ये गोल्डफिशची पिल्लं

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये वडिलांचे चार यंत्रमाग होते. टॉवेलचं काम कमी झालं तेव्हा दोन माग विकले आणि मोकळ्या झालेल्या जागेत मी सिमेंटच्या सहा टाक्या बांधल्या. गोल्डफिशचा नाद शाळेपासूनच होता. दुकानात येणारे मासे लांबच्या प्रवासानं दमलेले असायचे. सोलापुरातच पिल्लं वाढवून द्यावीत, एवढाच विचार.

पहिली अंडी नायलॉनच्या दोऱ्याच्या झुबक्यांवर पडली. पाणी 25 अंशांच्या आसपास होतं, तिसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. दोन दिवस भिंतीला टाचणीसारखी चिकटून राहिली, मग पोहायला लागली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून दिवसातून पाच वेळा घालायचो. आमच्या घरात स्वच्छतेचं भारी वेड. दर तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून भिंती लख्ख घासायच्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुवायचा. पाणी आरशासारखं दिसायचं. बाराव्या दिवशी सकाळी पिल्लं वर येऊन तोंडं उघडझाप करत होती. संध्याकाळपर्यंत बहुतेक गेली. आईनं दोन दिवस शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

मत्स्यशास्त्र शिकवणारे ओळखीचे एक सर आले. त्यांनी पाण्यात तपासणीचे थेंब टाकले आणि अमोनिया दाखवून दिला. मासे तो कल्ल्यांतून सोडतात, उरलेला बलक कुजला की त्यात भर पडते. स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे जीवाणू जमायला काही आठवडे लागतात आणि आम्ही ते दर तिसऱ्या दिवशी नळाच्या क्लोरिनखाली धुऊन टाकत होतो. शिवाय आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, 8. पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो, उन्हाळ्यात पाणी तापलं की आणखी वाढतो. दिसायला नितळ पाण्यात एवढं सगळं चाललेलं असतं, हे कळल्यावर मी आधी तपासणीचं किट घेतलं आणि मगच पुढची अंडी.

आता स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्याच पाण्यात हलक्या हातानं पिळतो. बलक जवळपास बंद, त्याऐवजी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची ताजी पिल्लं. ती जिवंत असतात, लगेच कुजत नाहीत. तळातला गाळ एअर पंपाच्या बारीक नळीनं ओढायचा, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून, नाहीतर पिल्लंच ओढली जातात. रोज चौथा हिस्सा पाणी बदलतो. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं आणि ते धारेनं सोडायचं, ओतायचं नाही.

ते पाणी आणायचं कुठून? उजनीचं पाणी शहरात रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. साठवून ठेवायची सोलापूरकरांची सवय इथे आमच्या उपयोगी पडली. मोठ्या टाकीत भरून दोन दिवस हवा सोडली की त्यातला क्लोरिन उडून जातो. घाईच असेल तर क्लोरिन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे मोजून घालतो, पण मला साठवलेलंच पाणी बरं वाटतं.

मे महिना वेगळाच. पत्र्याखाली पाणी बघता बघता तिशीच्या वर जातं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. छताला चुना मारला, टाक्यांवर ओली गोणपाटं टाकली, पिल्लांची संख्या निम्मी केली. वीज गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर चालतात. एवढं करूनही रात्री तीनला एक फेरी मारतोच.

पिल्लं इंचभर झाली, अंगावरचा काळपट रंग सुटायला लागला की दुकानांना देतो. घरी नवीन टाकी मांडणारं कुणी आलं तर माशांबरोबर आमच्या चालू फिल्टरमधला ओला स्पंजाचा तुकडाही देतो, त्याचे पैसे घेत नाही. कापून देण्यासाठी दोन स्पंज कायम टाकीत लावलेले असतात. त्यांची काळजी आता आईच घेते, नळाखाली कुणाला नेऊ देत नाही.