तुम्ही विचारलेत म्हणून: ही लुटुपुटूची लढाई कशासाठी?

दर गणपतीत कोणीतरी विचारतेच: उपग्रह वर फिरत आहेत, छायाचित्रे येत आहेत, मग संगणकावर लुटुपुटूची लढाई खेळण्याचा तुम्हाला पगार कशाला? इतकी वर्षे मी विषय बदलत आलो. आता एकदाच नीट सांगतो.

५०० किलोमीटर उंचीवरचा टेहळणी उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत एक फेरी मारतो आणि एका भूकेंद्राला, म्हणजे उपग्रहाशी जमिनीवरून बोलणाऱ्या ठाण्याला, एका फेरीत फार तर १०-११ मिनिटे दिसतो. त्याने टिपलेले जहाज २० नॉट (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) वेगाने जात असेल, आणि ते छायाचित्र खाली उतरून, कोणीतरी वाचून, जीसॅट-७ या नौदलाच्या दळणवळण उपग्रहामार्गे आपल्या युद्धनौकेवर पोहोचायला दोन तास लागले, तर लक्ष्य तोवर ७४ किलोमीटर दूर गेलेले असते. उपग्रहाचे काम चोख झालेले असते; तरीही विमान कुठे पाठवायचे, हे नौकेवर कोणालाच सांगता येत नाही. तिन्ही दलांच्या कामात हा उशीर कुठे कुठे झिरपतो, ते आम्ही मांडतो.

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सरावात माझे मॉडेल, म्हणजे त्या लढाईची संगणकावरची मांडणी, पडद्यावर होते. आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहाची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली होती, तशा बिघाडाचीही सोय मी केली होती आणि तिचा मला अभिमान होता. पंच म्हणून बसलेले निवृत्त नौदल अधिकारी म्हणाले, "भूकेंद्राची वीज गेली असे धरा." मी यादी वर-खाली केली. तशी कळच नव्हती. मॉडेलमध्ये भूकेंद्र म्हणजे नकाशावरचा एक ठिपका होता, आणि ठिपक्याची वीज जात नाही. पडद्यावरचे सगळे रकाने हिरवेच राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "म्हणजे तुमच्या लढाईत जमिनीवर माणसेच नाहीत?"

मी म्हणालो, मला नेमून दिलेल्या कामात फक्त उपग्रह होते. ते खरेच होते. कागद आजही माझ्याकडे आहे. पण कक्षेचे गणित मला येते आणि ते शहाण्यासारखे वागते, रात्रपाळीचा माणूस तसे वागत नाही, म्हणून मी त्याला वगळले होते, हेही तितकेच खरे. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाच्या दिवशी केए-सॅट या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहाचे जमिनीवरचे हजारो मोडेम सायबर हल्ल्यात निकामी झाले. वरच्या उपग्रहाला धक्काही लागला नव्हता. ती बातमी वाचून मला हायसे वाटले, याची लाज वाटते.

मॉडेलमधले माझे जुने वाक्य होते, 'उपग्रह आणि जमीन यांतला दुवा ९७ टक्के वेळ उपलब्ध.' उरलेले तीन टक्के योगायोगाने विखुरलेले असतील, असे मी गृहीत धरले होते. ते कधी आणायचे हे शत्रू ठरवतो, एवढे तरी सुचायला हवे होते. पण सरासरी टाकून दिली तर तिच्या जागी काय ठेवायचे, यावर माझे माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.

आता मॉडेलमध्ये भूकेंद्र आहे, जनरेटर आहे, छायाचित्र वाचणारा माणूसही आहे. त्याला १२ मिनिटे लागतात. एकाने आठ सांगितली, दुसऱ्याने सोळा. मी मधली धरली.