खन्नांबद्दल सगळे बोलतात, मला बाकीच्या चौघांबद्दल बोलायचंय

सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती हंसराज खन्ना हे नाव मी लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकलंय. आजोबा आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, आत होते आणि वकिलाकडे किती खेपा घातल्या ते ती शेवटपर्यंत सांगायची. कायद्याचं शिक्षण काहीच नाही पण हेबिअस कॉर्पस हा शब्द तोंडपाठ, माणसाला का धरलंय ते कोर्टाने सरकारला विचारायचं एवढाच तिचा अर्थ, आणि तो बरोबरच होता.

तेव्हा नऊ हायकोर्टांनी, त्यात आपलं मुंबई हायकोर्टसुद्धा, सांगितलं होतं की आणीबाणी असली तरी असे अर्ज आम्ही ऐकणार. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तीच एडीएम जबलपूर केस. सुनावणीत खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की समजा एखाद्या पोलिसाने स्वतःच्या दुश्मनीतून कुणाला मारून टाकलं तर कोर्टात काही दाद मागता येईल का? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही. हे उत्तर पाचही न्यायमूर्तींनी ऐकलं, आणि तरी २८ एप्रिल १९७६ ला निकाल ४ विरुद्ध १ असा सरकारच्या बाजूने लागला, म्हणजे आणीबाणीत असे अर्ज ऐकायचेच नाहीत. विरोधात एकटे खन्ना. त्यांनी बहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं की या निकालाने माझं सरन्यायाधीशपद जाणार, आणि तसंच झालं, जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना नेमलं, खन्नांनी राजीनामा दिला.

हे ऐकलं की आपल्याला लगेच रामशास्त्री आठवतात. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणं सोडणारे. मलाही ते फार मोठे वाटतात, पण हल्ली मन एकाच गोष्टीपाशी अडकतं, बरोबर बोलणाऱ्यालाच जावं का लागलं? दोन्ही वेळेला खुर्ची सोडली ती न्याय करणाऱ्याने.

म्हणून मला बाकीचे चौघं जास्त महत्त्वाचे वाटतात. रे, बेग, चंद्रचूड, भगवती. ही काही सामान्य माणसं नव्हती, जनहित याचिकेचा दरवाजा पुढे ज्यांनी गरिबांसाठी उघडला तेच हे भगवती, आणि २०११ मध्ये त्यांनी आपलं चुकलं म्हणून कबूलही केलं. मग त्या दिवशी काय झालं? त्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण त्यांच्या डोळ्यासमोर काय होतं ते सांगता येतं. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती केसचा, म्हणजे संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येणार नाही असं सांगणारा, निकाल ७ विरुद्ध ६ ने सरकारच्या विरोधात गेला आणि दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून रे सरन्यायाधीश होणार हे जाहीर झालं. हेच रे जबलपूर केसच्या बेंचचे प्रमुख. वर १९७६ मध्येच हायकोर्टाच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. म्हणजे घटनेने न्यायाधीशांना काढणं खूप अवघड करून ठेवलं, पगार संसदेच्या मतदानाबाहेर ठेवला, पण बढती आणि बदली सरकारच्या हातात राहिली आणि तेवढं पुरलं.

नंतर दुरुस्त्या झाल्या. ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं केलं, नेमणुका कॉलेजियमकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्याच गटाकडे, गेल्या, २०१७ मध्ये जबलपूरचा निकालही रद्द झाला आणि ते लिहिणारे धनंजय चंद्रचूड म्हणजे त्या चौघांतल्या चंद्रचूडांचेच चिरंजीव. आजी तेव्हा हयात नव्हती, असती तर मी तिला ते पान वाचून दाखवलं असतं.

पण एक खिडकी अजून उघडीच आहे. सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतो, त्यानंतर त्याला देशातल्या कुठल्याही कोर्टात वकिली करता येत नाही, घटनेतच तसं लिहिलंय, पण सरकारने दिलेलं पद घ्यायला मात्र काहीच मनाई नाही. शेवटच्या वर्षात सरकारच्याच केसेस ऐकणाऱ्या माणसासमोर ही शक्यता का ठेवायची? निदान दोन-तीन वर्षं तरी मध्ये जाऊ द्यावीत, आणि हे कायद्यातच लिहिलेलं असावं, प्रत्येकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडू नये.