खड्ड्यातला उंचवटा

केप्लर-१७ या ताऱ्याचा प्रकाश-आलेख, म्हणजे वेळेनुसार त्याचा प्रकाश कसा बदलतो त्याचा आलेख, आज उघडून बसले होते. त्याचा ग्रह समोरून जाताना प्रकाशात खड्डा पडतो, ते अपेक्षितच. पण खड्ड्याच्या तळाशी एक बारीक उंचवटा होता. मैत्रीण डोकावून म्हणाली, "डेटा खराब दिसतोय. ग्रह आडवा आलेला असताना प्रकाश वाढेल कसा?"

प्रश्न रास्तच. पण ग्रह त्या वेळी ताऱ्यावरच्या डागावरून जात असतो. मुळातच अंधूक असलेला भाग झाकला, म्हणून प्रकाश कमी अडतो.

खरी गंमत पुढे आहे. ग्रहाची फेरी सुमारे दीड दिवसाची, ताऱ्याची स्वतःभोवतीची गिरकी साधारण १२ दिवसांची. त्यामुळे पुढच्या फेरीत तोच उंचवटा सरकलेला दिसतो, आणि आठ फेऱ्यांनी जवळपास मूळ जागी येतो! त्यावरून डागाची जागा, आकार, तो किती टिकला, सगळ्याचा अंदाज बांधता येतो. तेही दुर्बिणीत नुसता ठिपका दिसणाऱ्या ताऱ्यावर.

अर्थात हा नकाशा फक्त ग्रहाच्या वाटेवरच्या पट्ट्याचा. त्या पट्ट्याबाहेरचे डाग मात्र ताऱ्याचा एकूण प्रकाश घटवून त्या तुलनेत खड्डा खोल भासवतात आणि ग्रह आहे त्याहून मोठा वाटतो. मग आपण छापतो त्या ग्रहांच्या आकारांपैकी किती असे फुगलेले असतील?