रेनकोटच्या टोपीत

१४ जून २०२५, शनिवार

एरवी ११ जूनच्या आसपास येणारा पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत आला. तरी दादरला रेनकोटची खरी गर्दी आज होती, कारण सोमवारी शाळा उघडतायत. भाचीसाठी रेनकोट बघायला रानडे रोडवर गेले होते. आता मिळतात ते मऊ, दुधी रंगाचे, ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचे. त्यांना वास जवळजवळ नाहीच. दुकानदाराने आतून जुन्या धाटणीचा एक काढून दिला, गडद हिरवा, जरा कडक प्लॅस्टिकचा. तो नाकाशी नेला आणि थेट लालबागच्या चाळीत जाऊन पोचले.

नव्या वह्या-पुस्तकांच्या वासाबद्दल सगळे भरभरून बोलतात, रेनकोटच्या वासाबद्दल कुणी बोलत नाही. मला तर शाळेचा पहिला दिवस या वासावाचून आठवतच नाही. आमच्या रेनकोटचं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, आणि ते मुळात टणक आणि ठिसूळ. १९२६ साली अमेरिकेत गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमनने त्यात मऊपणा आणणारं द्रव्य मिसळलं, तेव्हा कुठे ते अंगावर घालण्याजोगं झालं. ते द्रव्य हळूहळू वर येतं आणि निघून जातं. नव्या रेनकोटच्या वासात त्याचाही वाटा, जुन्याचा चिकटपणा त्याचाच, आणि ते कमी झालं की नेमके घडीवर तडे जातात. आईला यातलं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण रेनकोट ओळखायची ती. पावसाळा संपला की सावलीत वाळवायचा, आतबाहेर पावडर शिंपडायची, घडी न घालता गुंडाळी करायची आणि माळ्यावर टाकायचा. उन्हात वाळत घातला तर तिचा आरडाओरडा सगळ्या मजल्याला ऐकू जायचा.

रेनकोट घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. आधी दादा घालणार, मग मी. दादाच्या अंगावर पहिल्या वर्षी तो घोट्यापर्यंत यायचा आणि बाह्या दुमडाव्या लागायच्या. पाठीवर दप्तरासाठी फुगवटा, काखेत वारा जायला बारीक भोकं, पुढे टिचबटणं. ती भोकं असूनही आत घाम धरायचाच. शाळेत पोचेपर्यंत बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजलेले असायचो. वर्गाबाहेरच्या कठड्यावर सगळे रेनकोट ओळीने टांगलेले, रंग तेच तीन-चार. बॉलपेनने लिहिलेलं नाव एका सरीत जायचं, म्हणून आई काडेपेटीच्या काडीने ऑइलपेंटचे दोन ठिपके कॉलरच्या आत द्यायची.

पण खरं लिहायचं आहे ते टोपीबद्दल.

आमची खोली दहा बाय बाराची. त्यात आम्ही चौघं, आजी, आणि गावाहून कामाच्या शोधात आलेला कुणी ना कुणी काका-मामा. अभ्यासही गॅलरीत, झोपही पाळीपाळीने. एकटं असणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. ते पहिल्यांदा कळलं रेनकोटची टोपी हनुवटीखाली बांधल्यावर. कानाशी पावसाचा एवढा मोठा आवाज की बाजूने चालणारी मैत्रीण काय म्हणते ते ऐकू येऊ नये. मान वळवली तरी टोपी वळायची नाही. त्या बाजूला पारदर्शक खिडकी असायची, पण श्वासाने ती धुरकटलेली. मग समोरचं तेवढंच दिसायचं. घर ते शाळा एवढ्या रस्त्यात ती टोपी ही माझी स्वतःची खोली होती. तिथे मी कविता म्हणायचे, भांडणं उगाळायचे, मोठ्याने रडायचेसुद्धा. छत्रीखाली हे जमत नाही. छत्रीत दुसरा कुणीही शिरतो, आणि त्याला घ्यावंही लागतं. टोपीत फक्त आपण. आता माझ्या घरी दार लावून बसायची सोय आहे, आणि तरी तसं एकटेपण मला पुन्हा मिळालेलं नाही. हे लिहिताना आश्चर्य वाटतंय, पण ते खरं आहे.

बाबांचा मात्र डकबॅक होता. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कोलकात्यात सुरू केलेल्या कारखान्याचा माल, कापडावर रबर चढवलेला, काळा, जड. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सकाळच्या पाळीला निघताना तो डकबॅक अंगावर चढवायचे तेव्हा खोलीत तेवढ्यापुरती जागाच उरायची नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या जूनमध्ये नवा रेनकोट येणार नव्हता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जुनाच दुरुस्त झाला. बाबांनी हॅकसॉची तुटकी पट्टी स्टोव्हवर तापवली, फाटलेल्या कडा एकमेकींवर ठेवल्या, वर वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावरून पट्टी अलगद फिरवली. कागद नसेल तर प्लॅस्टिक पट्टीलाच चिकटून येतं. सुई चालत नाही, कारण प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक वाट. डकबॅकला सायकलचं पंक्चर काढायचं ठिगळ छान बसायचं, रबरावर रबर. प्लॅस्टिकवर तेच ठिगळ दोन दिवसांत सुटायचं.

दीड-दोन वर्षांनी बाबांना प्रभादेवीला एका इमारतीत रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी मिळाली. तोच डकबॅक घालून जायचे. मिलच्या दारात तो रुबाबदार वाटायचा, इमारतीच्या फाटकाशी तो नुसता रेनकोट होता. मला हे तेव्हाही दिसत होतं.

पायांचं फार काही लिहिण्यासारखं नाही. प्लॅस्टिकचे पावसाळी बूट पहिला आठवडा टाचा सोलायचे, आई खोबरेल तेल लावायची, आणि मग ते पचक पचक करत सप्टेंबरपर्यंत चालायचे. गमबूट ज्यांच्याकडे होते त्यांचा आम्हाला हेवा वाटायचा, हिंदमाता चौकापर्यंत. तिथे पाणी गुडघ्यापर्यंत तुंबलं की गमबुटात वरून पाणी शिरायचं आणि पाय उचलवेना. वरच्या मजल्यावरचे एक कारकून काका मात्र चामडी बुटांवरून घालायची काळी रबरी कव्हरं वापरत. कचेरीच्या दारात ती काढून पिशवीत टाकायची की आतले बूट कोरडे, पॉलिशसकट. चाळीतून इतक्या नीटनेटकेपणाने बाहेर पडणारा माणूस मला फार आवडायचा.

रात्री दादाला फोन केला, रेनकोटचं सांगितलं, तर तो गावच्या इरल्यावर गेला. आजोळी लावणीला बायका इरली घेऊन वाकायच्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मध्ये पानं, डोक्यावरून थेट कमरेखाली पोचणारं. पाठीवर पाऊस कितीही कोसळू दे, दोन्ही हात मोकळे. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, सांगाडा तोच राहिला. मुलांना इरलं मिळायचं नाही, गोणपाटाची खोळ मिळायची. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाली टोपी. आजीला आमचा रेनकोट कधी नवलाचा वाटला नाही, त्याचं कारण मला आज कळलं. तिच्या लेखी ती खोळच होती, फक्त बटणांची.

खोळीच्या आत आवाज कसा यायचा, ते मी दादाला विचारलं. गोणपाट पाणी पितं, म्हणाला, आवाज फारसा येत नाही, पण तागाचा ओला वास येतो आणि मान जड होत जाते. आणि टोपीत तूसुद्धा एकटा असायचास का? यावर तो थोडा थांबला. म्हणाला, मी टोपी घालायचोच नाही, मागे टाकून भिजत जायचो, तुला माहीत नव्हतं? चाळीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा सांगितलं. एकच रेनकोट आम्ही दोघांनी घातला आणि आठवणी मात्र इतक्या वेगळ्या.

भाचीसाठी हिरवाच घेतला, वाढत्या अंगाचा. दादा यंदा वारीला निघालाय, १९ तारखेला आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर. तुलाही एक घेऊ का म्हणून विचारलं. रेनकोट नको म्हणाला, बाह्यांमध्ये हात अवघडतात आणि टाळ धरता येत नाही. दोन मीटर प्लॅस्टिकचा कागद आण, जरा जाडसर बघून, रात्री अंथरायलाही होतो. उद्या परत दादरला जाईन तेव्हा घेऊन येते.