एकटीचा तंबू, सायकलवरच्या चार रात्री

मागच्या वेळी याच वाटेवर मी ७५० ग्रॅमचा तंबू घेऊन गेले होते. यंदा ११५० ग्रॅमचा नेला आणि चारही रात्री मागच्यापेक्षा कितीतरी चांगली झोपले. असं का झालं ते पुढे जाणाऱ्यांना कळावं, म्हणून हे लिहितेय. वाट बहुतेक कच्ची. पाच दिवस, मधे एक उघडं पठार, मग नदीकाठ. सायकलला कॅरियर नाही. सगळं सामान हँडलला, फ्रेमच्या त्रिकोणात आणि सीटमागे बांधलेलं.

तंबू घेताना सगळे आधी वजन विचारतात. माझ्या मते सायकलसाठी पहिला प्रश्न वेगळा आहे: पोल दुमडल्यावर किती लांब होतो? साध्या तंबूंचे पोल दुमडून ४५ ते ५० सेंटीमीटर भरतात. माझं हँडल खाली वळलेलं, ४२ सेंटीमीटर रुंद. त्यात ब्रेकच्या दांड्यांना आणि बोटांना हलायला जागा सोडली की मधे जेमतेम ३५ उरतात. म्हणजे साध्या तंबूची गुंडाळी तिथे आडवी मावतच नाही. हे ओळखून काही कंपन्यांनी सायकलसाठी वेगळे तंबू काढलेत. बिग ॲग्नेसच्या अशा तंबूंचे पोल ३०.५ सेंटीमीटरला दुमडतात. पोलला सांधे जास्त येतात आणि त्याने वजन थोडं वाढतं, पण ते वाढलेलं मला मान्य आहे. तुमच्याकडे आधीच लांब पोलचा तंबू असेल तर तो टाकून देऊ नका. कापड हँडलला बांधा, पोल फ्रेमच्या वरच्या नळीला समांतर लावा. माझ्या एका सोबत्याने कित्येक सहली अशाच केल्यात.

वेष्टनावरचं वजनही नीट वाचा. माझ्या तंबूवर ९८० ग्रॅम लिहिलं होतं. खुंट्या, ताणाच्या दोऱ्या आणि पिशव्या धरून काट्यावर ११५० भरले. छापलेला आकडा बऱ्याचदा फक्त आतला तंबू, वरचं आवरण आणि पोल एवढ्यांचाच असतो.

पहिल्या दिवशी उतारावर पुढून घासल्याचा आवाज यायला लागला. हँडलची गुंडाळी पट्टा सैल होऊन चाकावर टेकली होती. थांबेपर्यंत पिशवीला बोटभर भोक पडलं. आतलं कापड वाचलं ते नशिबाने. गुंडाळी आणि टायर यांत निदान पाच सेंटीमीटर ठेवा, पुढे सस्पेन्शन असेल तर ते पूर्ण दाबून मोजा, आणि पहिल्या तासाभराने एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा. फ्रेम लहान असणाऱ्यांना ही अडचण जास्त येते. त्या रात्री झाडीत मऊ माती मिळाली. तंबू दहा मिनिटांत उभा, सांगण्यासारखं काही नाही.

दुसरी रात्र पठारावर, आणि खरा फरक इथे कळला. जमीन म्हणजे वर चार बोटं मुरूम, खाली सलग खडक. मागचा तंबू एका काठीवर उभा राहणारा होता. तो सहाही खुंट्या घट्ट बसल्या तरच उभा राहतो, आणि त्या तिथे बसल्या नाहीत. चालणाऱ्यांच्या हातात काठी असतेच, म्हणून त्यांना असा तंबू परवडतो. सायकलवाल्याला सव्वा मीटरची घडीची काठी वेगळी न्यावी लागते, आणि तिचं वजन कुणी तंबूत धरत नाही. यंदाचा तंबू स्वतःच्या पोलांवर उभा राहतो. बाहेरचा ओसरीसारखा भाग ताणायला मात्र दोन ठिकाणी आधार लागलाच. तिथे खुंटी ठोकत बसू नका. दोरीचं टोक एका लहान लांबट दगडाला बांधा, तो आडवा ठेवा आणि त्याच्यापुढे तंबूच्या बाजूला मोठा दगड टेकवा. दोरी ताणली की लहान दगड मोठ्यावर अडतो. यासाठी प्रत्येक दोरी मीटरभर जास्त लांब ठेवा.

एक सावधगिरी: ‘अर्धा स्वतंत्र’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तंबूंत पायाकडच्या दोन कोपऱ्यांना खुंट्या लागतातच. हलक्या तंबूंतले बरेचसे या प्रकारचे असतात. घेण्याआधी खुंट्यांशिवाय फरशीवर उभा करून बघा, म्हणजे नक्की काय घेतोय ते कळेल.

तिसरी रात्र नदीकाठी. रात्री थंड हवा खोलगट जागी उतरते, पाण्याजवळ ओल असतेच, आणि आपला श्वास रात्रभर वाफ सोडत असतो. ती वाफ गार कापडाला लागली की थेंब धरतात. मागच्या वेळी एकेरी कापडाच्या तंबूत पहाटे स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग चिंब झाला होता. यंदा बाहेरच्या आवरणाला आतून तेवढंच पाणी होतं, पण मधे जाळी होती, त्यामुळे मी कोरडी राहिले. एकेरीच तंबू वापरणार असाल तर काठापासून थोडं वर चढा, शक्यतो झाडाखाली झोपा, हवेची झडप कितीही गारठा असला तरी बंद करू नका आणि पुसायला छोटा पंचा हाताशी ठेवा.

लांबीचंही इथेच सांगते. मी १७२ सेंटीमीटर, आतला तंबू २१५. कागदावर भरपूर वाटतं. पण भिंती उतरत्या असतात आणि फुगवायची गादी आपल्याला सात-आठ सेंटीमीटर वर उचलते. त्या उंचीवर तंबू आखूड असतो. दुकानात आडवं व्हा ते गादी घालूनच.

चौथ्या रात्री पाऊस आणि वारा दोन्ही. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी ताठ असलेलं आवरण दहाच्या सुमारास लोंबत होतं. झोपण्याआधी सगळ्या दोऱ्या एकदा पुन्हा ताणून घ्या. पॉलिएस्टर बरंच कमी सैल पडतं, म्हणून पावसाच्या मुलखात मी तेच निवडेन. माझा तंबू आधी आतला भाग, मग वरचं आवरण असा लागतो, आणि तेवढ्या वेळात तळ भिजला. आवरण आधी उभं करून आतला भाग नंतर टांगता येणारे तंबू मिळतात. पुढचा मी तसाच घेणार आहे. तळाखाली चादर अंथरत असाल तर ती तंबूबाहेर डोकावू देऊ नका. भिंतीवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर साचून थेट पाठीखाली येतं. सायकल तंबूला टेकवू नका. मी ती वाऱ्याच्या बाजूला, चेन वर ठेवून आडवी टाकली आणि एक दोरी तिच्या फ्रेमला बांधली. सकाळपर्यंत ती तसूभर हलली नव्हती.

सकाळी ओलं आवरण वेगळ्या पिशवीत, स्लीपिंग बॅगपासून लांब. दुपारी ऊन पडलं तेव्हा ते वीस मिनिटं सायकलवर पसरलं आणि वाळलं. घरी आल्यावर मात्र वीस मिनिटांवर भागवू नका. शिवणी आणि खुंट्यांचे पट्टे आतून ओले राहतात. दोन दिवस सावलीत टांगा, कारण कडक ऊन नायलॉनला कमजोर करतं. मग घट्ट न गुंडाळता मोठ्या सुती पिशवीत सैल भरून ठेवा. ओला ठेवलेल्या तंबूचा पॉलीयुरेथेनचा लेप पुढे चिकट होऊन सुटायला लागतो, त्याला आंबूस वास येतो, आणि तो लेप पुन्हा बसत नाही.